बुरशी

"हीसुद्धा बुरशीनं गेली," फोटोग्राफर म्हणाले आणि त्यांनी सहावी लेन्स उजव्या रांगेत ठेवली. उजवी रांग विकायची. डावीकडे, ठेवायच्या म्हणून, तीनच होत्या.

टेबलावर जुना टॉवेल अंथरला होता. लेन्सेस सगळ्या जुन्या, हातानं कडं फिरवून फोकस करायच्या. चाळीस वर्षं स्टुडिओ त्यांच्यावरच चालला होता. गेली दोन वर्षं मात्र फोटो धूसर यायला लागले. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग येईनाशी झाली. महिन्यापूर्वी स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं.

समोर भिंगमिस्त्री बसले होते. या लेन्सेस उघडून साफ करण्याचं काम तीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. त्यांनी सहावी लेन्स उचलली, एका बाजूनं टॉर्च लावला आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मग रांगेतल्या बाकीच्या पाचही पाहिल्या.

"कसली बुरशी? काच लख्ख आहे," ते म्हणाले. "सहाच्या सहा."

"मग मला दिसतोय तो पांढरा थर कसला?"

टॉर्चचा झोत डावीकडच्या तिघींवरून फिरला, मग मिस्त्रींनी तो बंद केला. "एकदा डोळे दाखवून घे."

चहा घेऊन आलेली फोटोग्राफरांची मुलगी दारातच थबकली.

"याच डोळ्यांवर मी घर चालवलंय," फोटोग्राफरांचा आवाज चढला. "तुझ्या हातून आता साफ होत नाही, ते कबूल कर की. म्हणे डोळे दाखव! नाचता येईना, अंगण वाकडं!"

मिस्त्री उठले. चहा तसाच राहिला. दारात चपला घालताना त्यांनी डाव्या रांगेकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच जिना उतरून गेले.

मुलीनं जाहिरात दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी कामावर गेलेली असताना, एक बाई आली. तिनं भाव केला नाही. सहाही लेन्सेस एकेक करून कापडात गुंडाळल्या. फोटोग्राफर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "बुरशी आहे यांच्यात," ते म्हणाले. बाई नुसतं "बरं" म्हणाली आणि गेली.

त्यानंतर घरात मिस्त्रींचं नाव निघालं नाही. सणकीत बोललेला शब्द मागे घ्यायला माणसाला निमित्त लागतं, आणि फोटोग्राफरांना ते सापडत नव्हतं. खरं तर ते शोधतच नव्हते.

आठ महिन्यांनी एका सकाळी त्यांनी किटलीतला चहा कपाच्या शेजारी, स्वतःच्याच हातावर ओतला. मुलीनं हात थंड पाण्याखाली धरला आणि त्याच ओल्या हाताला धरून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चांगला पिकलेला. "इतके दिवस कसं निभावलंत?" डॉक्टरनं विचारलं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाली, तेव्हा घरी येताच त्यांनी विचारलं, "भिंतींना रंग कधी दिला?" रंग दिलाच नव्हता. भिंती पहिल्यापासून पांढऱ्याच होत्या. मुलगी औषधाचे थेंब घालायला वाकली, तर तिच्या भांगात पांढरे केस दिसले. हे केव्हा झालं, तेही त्यांना कळलं नव्हतं.

थेंब मुरेपर्यंत ते डोळे मिटून पडून राहिले. मग उठून कपाटातला डबा काढला. आत डाव्या रांगेतल्या त्या तीन लेन्सेस होत्या. त्यांच्या पहिल्या कमाईच्या. जिवापाड जपलेल्या, म्हणून वर्षानुवर्षं बंद, कुणाला हातही लावू न दिलेल्या. त्या दिवशी त्या त्यांनी उजेडाला धरूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

आता पाहिल्या. पहिलीच्या काचेत मुळांसारखे बारीक तंतू पसरले होते. दुसरीत तेच. तिसरी तर बुरशीनं पार खाल्ली होती.

"बाबा, कुठे निघालात?"

"मिस्त्रीकडे."

मिस्त्रींच्या दुकानाचं दार त्यांच्या सुनेनं उघडलं. "या," ती म्हणाली; हातातलं भिंग ती कापडात गुंडाळत होती. तिच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरांनीच काढले होते. तिला पाहून ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. आवाज, उंची, कापड गुंडाळायची ती पद्धत. त्या दुपारी लेन्सेस विकत घेताना ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, आणि त्यांनी ओळखलं नव्हतं.

मिस्त्री कामाच्या टेबलापाशी होते. उठून त्यांनी मागचं कपाट उघडलं. सहाही लेन्सेस ओळीनं ठेवल्या होत्या, कोरड्या, झाकण लावलेल्या.

फोटोग्राफरांनी डबा टेबलावर ठेवला. "या तीन खराब आहेत. तुला त्या दिवशी दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"चांगल्याला चांगलं म्हणालो, तर चहा टाकून उठावं लागलं. वाईटाला वाईट म्हणालो असतो, तर जिन्यावरून ढकलून दिलं असतंस."

दोघंही हसले नाहीत. सुनेनं खुर्ची पुढे सरकवली. फोटोग्राफर बसले, पण त्यांना मान वर करवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चारचौघांत बोलू नये असं बोललो तुला. आणि त्यावर तू माझ्या लेन्सेस सांभाळत बसलास? कशासाठी?"

मिस्त्रींनी डब्यातली एक लेन्स उचलली आणि सवयीनं तिचं कडं सैल करायला घेतलं.

"मी खरं बोललो होतो ना," ते म्हणाले. "या सहा तुझ्या हातून कायमच्या गेल्या असत्या, तर मी खरा ठरल्याबद्दल तू मला कधीच माफ केलं नसतंस."