दोराचे वळ

“हीच ना अंगठी? नीट बघा, काका.”

पाण्याने भरलेल्या उथळ डब्यात अंगठी पडली होती. साव्वासला चष्म्यावाचून अक्षरं दिसेनात. पण वाचायचं काय होतं त्यात? आतून ‘सेवास्ती’ कोरलेलं होतं. लग्नाच्या दिवशी चर्चपर्यंत ही अंगठी त्याच्याच तर खिशात होती.

“हीच,” तो म्हणाला. “थोरल्या भावाची. पानोर्मितिसची.”

अथेन्सहून आलेल्या, पुरातत्त्व खात्याच्या मिर्तोबाईने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. दोन उन्हाळे तिची माणसं सिमी बेटाच्या दक्षिण टोकाला बुड्या मारत होती. दोन हजार वर्षांपूर्वीचं बुडालेलं जहाज होतं तिथे. या आठवड्यात वाळूतून ब्राँझचा एक पुतळा निघाला, आणि पुतळ्याखाली माणसाची हाडं. हाडं मात्र दोन हजार वर्षांची नव्हती.

एकेचाळीस वर्षांची होती. बाहेर धक्क्यावरच्या बाकावर त्याची वहिनी सेवास्ती बसली होती, मांडीवर लाल दारूची बाटली आणि पांढरंशुभ्र फडकं घेऊन. बेटाच्या रीतीप्रमाणे नवऱ्याची हाडं दारूने धुवायची, फडक्यात बांधायची आणि चर्चमागे नेऊन ठेवायची, एवढ्याचसाठी बाई जगली होती. बाकीच्या विधवांचे नवरे निदान जमिनीत तरी होते. हिचा नुसताच गेला होता.

त्या दिवसाची गोष्ट सिमीत शेंबड्या पोरालाही पाठ होती. दोघेच भाऊ नाव घेऊन समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला गेले होते. पानोर्मितिस सपाट दगड छातीशी धरायचा आणि एका श्वासात तळ गाठायचा. दगडाला बांधलेला दोर वर साव्वासच्या हातात. खालून तीन हिसके आले की ओढायचं. त्या दिवशी तीन हिसके आले, त्याने ओढलं, तर दोर जागचा हलेना. पाय कपारीत अडकला भावाचा, दुसरं काय असणार? साव्वास तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने नावेच्या काठाला पाय रोवले आणि जिवाच्या आकांताने ओढलं. मध्येच एकदा दोर सैल पडला. “सुटला!” म्हणून पोरगं आनंदाने ओरडलंसुद्धा. मग दोर पुन्हा जड झाला, पहिल्याहून जड, आणि तुटला. तळहातांचं कातडं दोराबरोबर गेलं. नाव कुठल्या कुठे वाहत गेली होती. गावाने चार दिवस समुद्र धुंडाळला, पण जागाच सापडली नाही.

तेव्हापासून त्याची बोटं पुरती उघडत नव्हती. कॉफीच्या दुकानात थट्टा चालायची. “साव्वास, पत्ते तेवढे धरता येत नाहीत होय रे? ऊझो दारूचा पेला बरा धरता येतो लेका!” पण बेटावर कुणी नवखा आला की हेच लोक त्याचे हात पुढे ओढून दाखवायचे. बघा म्हणायचे, एकट्याने चार माणसांचं बळ लावलं, भाऊ गेला पण दोर सोडला नाही पठ्ठ्याने. सेवास्ती तर वर्षश्राद्धाला गोड गव्हांची पहिली मूठ त्याच्या त्या वळांवरच ठेवायची. तेवढ्या एका घासावर साव्वास पुढचं वर्ष काढायचा.

“आणखी एक आहे,” मिर्तो म्हणाली. तिने दुसरा डबा पुढे ओढला. त्यात हिरवटकाळा पडलेला दोराचा तुकडा होता. “पुतळ्याखाली दबला म्हणून टिकला. नाहीतर कधीच कुजला असता.”

गाठ अजून शाबूत होती. साव्वासने ती बघताक्षणी ओळखली. दगडाला पानोर्मितिस अशीच गाठ मारायचा.

“आणि दगड?”

“दगड बाजूला पडलाय. तुमच्या भावाने तो सोडून ठेवला होता. दोर बांधला होता पुतळ्याच्या मानेला.” तिने एक चित्र त्याच्यापुढे सरकवलं. “पुतळ्यासकट वर यायचा विचार असणार. हे बघा, पुतळ्याचे पाय अजून वाळूत उभेच आहेत, घोट्यापाशी मोडलेले. खडकाला टेकून इतकी वर्षं उभा होता हो हा. वरून दोर ओढला गेला, आणि हा त्यांच्या छातीवर आला.”

साव्वासने वाकडं बोट चित्रातल्या मोडक्या घोट्यांवर ठेवलं.

“साधंसुधं ओढणं नव्हे ते,” मिर्तो म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक? “एकट्यादुकट्याने हा हललाही नसता. चार माणसं तरी असतील वर.”

दोर सैल पडला होता. त्याच्या हातांना कळलं होतं ते. सुटला म्हणून तो ओरडला होता.

तो बाहेर आला तेव्हा धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. सेवास्ती बाटली सांभाळत उठली.

“तोच?”

“तोच. तुझं नाव आहे आत, वहिनी.”

तिने तीनदा क्रूसाची खूण केली. रडली नाही. इतक्या वर्षांत रडून झालं होतं सगळं. पिशवीतून तिने कागदाची पुडी काढली. उकडलेले गहू, साखर, डाळिंबाचे दाणे. पहाटे उठून केलं होतं तिने.

“आला एकदाचा घरी,” ती म्हणाली. “पहिला घास तुमचा, भाऊजी. आणा हात.”

साव्वासने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“हे काय लहान पोरासारखं? आणा म्हणते ना! दुसऱ्या कुणीही सोडला असता तो दोर. तुम्ही नाही सोडलात.”

“सोडायला हवा होता, वहिनी.”