दुर्गीच्या पोटाखाली

"गिरिजाच घेईल त्याला जवळ," कुसुमताई म्हणाल्या. प्राणिसंग्रहालयातल्या तिन्ही हत्तिणींत तीच मायाळू. जंगलात आई मेलेल्या बटूला, हत्तीच्या पिल्लाला, कुसुमताईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आज त्याला पहिल्यांदाच कळपात सोडायचं होतं.

फाटक उघडलं. पिल्लू थेट गिरिजाकडे गेलं. तिनं त्याला हुंगलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्या हत्तिणीनं, रंगीनं, तर ढकलूनच दिलं. बटू धडपडला तो नेमका दुर्गीच्या पुढ्यात. दुर्गी महातापट, तिच्या चाऱ्याजवळ कुणी फिरकत नसे.

"डॉक्टर, बाहेर काढा त्याला! चिरडेल ती!" ताई ओरडल्या.

"थांबा जरा," डॉक्टर नेरकर म्हणाले.

दुर्गीनं सोंडेनं पिल्लाला उठवलं, पोटाखाली घेतलं आणि बाकीच्या दोघींकडे तोंड करून उभी राहिली. पुन्हा कुणी पुढे आलं नाही.

संध्याकाळी ताई कुंपणाशी बाटली घेऊन आल्या. हाक ऐकताच बटू धावत आला, घटाघटा दूध प्यायला. एरवी नंतर तो कितीतरी वेळ त्यांची बोटं चोखत राहायचा. आज बाटली संपताच वळला आणि दुर्गीमागे पळाला.

ताईंना अजून एक हाक मारावीशी वाटली. त्यांनी मारली नाही.