मुखपृष्ठावरचं घर

बालवाडीच्या शिक्षिकांसाठी निघणाऱ्या मासिकाने मुलांची चित्रं मागवली होती. बाईंच्या वर्गातल्या छोटूच्या बोटांत खडू टिकत नसे, त्यावर उपचारही चालू होते. निदान पोराचं नाव तरी छापून येईल, म्हणून बाईंनी त्याच्या नावाने स्वतःच एक घर काढलं, तेही डाव्या हाताने. ते लहान मुलाच्या हातचं वाटावं इतकं वाकडं साधलं, की मासिकाने थेट मुखपृष्ठावर घेतलं.

अंक छातीशी धरून छोटूची आई वर्गाच्या दारात आली.

"बाई, वर्षभर त्या डॉक्टरांकडे खेपा घातल्या, पण खरं काम केलंत तुम्ही."

"मी काही शिकवलं नाही हो त्याला," बाई खडूंचा डबा आवरत म्हणाल्या. निदान एवढं तरी खरं होतं.



"असं कसं? उपचार बंद केले आम्ही कालपासून."