उजवी खिळी

मी जुन्या बंदुका विकत घेतो. गेरलिंडेने घरी बोलावलं होतं. टेबलावर जर्मनीतल्या सूल गावात घडवलेली, शंभरी ओलांडलेली बंदूक होती: वर छर्ऱ्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक. "विकायचं खूळ हिचं," तिचा नवरा म्हणाला. "आजोबांनंतर बंदुकीला कुणी शिवलंसुद्धा नाही." नक्षी तपासताना माझं बोट नळ्यांमागच्या बारीक खिळ्यांपाशी थांबलं. आतला घोडा ताणलेला असला की त्या नळीची खिळी वर येते. उजवी खिळी वर होती. नळीसमोर गेरलिंडे केक कापत होती. "जरा उजेडात बघतो," म्हणत मी बंदूक खिडकीकडे वळवून उघडली. उजव्या नळीत छर्ऱ्यांचं नवंकोरं काडतूस होतं. "रानडुकरासाठी," तो म्हणाला. रानडुकराला छर्रे मारत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी घासाघीस केलीच नाही. "न्या खुशाल," तो हसला. गाडीपाशी केकचा पुडा देताना गेरलिंडे पुटपुटली, "माळ्यावर दुसरी आहे. तीही न्याल?"