खोडावरचे नाकतोडे

"सांग बरं पोरी, या लिंबना खोडवर कितला नाकतोडा शेतस?"

मुलाचे वडील उखर्डू आबा यांनी अंगणातल्या कडुलिंबाकडे काठी करून शेवंताला विचारलं. चहा-पोहे झाले होते, नाव-शिक्षण विचारून झालं होतं. सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती.

तिचा चष्मा कणगीत होता. सकाळी आईनेच, सुंदरबाईंनी, तो तिथे दडवला होता. सत्त्याऐंशी सालातही चष्मेवाली सून म्हटलं की लोक नाक मुरडत. पाचोऱ्यातली दोन स्थळं त्यापायीच मोडली. हे तिसरं धुळ्याकडचं, आणि मुलगा शेवंताला मनापासून आवडला होता. भाईदास आल्याआल्या उंबऱ्याला ठेचकाळला, मग मान खाली घालून बसला. बाया म्हणाल्या, नवरदेव लाजतो. आबांच्या हातात चहाची बशीसुद्धा त्यानेच नेऊन दिली. बापाला असं जपणारा जावई कुणाला नको असतो?

"आम्हना घरमा सून अशीच पारखतस," आबा म्हणाले. "खोडना सालना रंगना नाकतोडा जिले दिसस, तिले कपाशीवरनी अळीबी दिसस."

शेवंता खोडापाशी गेली. नाकतोडे राहिले बाजूला, तिला सालीच्या भेगासुद्धा दिसेनात. आता हेही स्थळ गेलं, असं तिला वाटलं.

भाईदास उठून तिच्या शेजारी आला. त्याने खोडाकडे टक लावून पाहिलं आणि हळूच पुटपुटला, "चार."

"चार," ती आबांना म्हणाली.

आबांनी खोडावर नजर रोखली. सुंदरबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं.

"बराबर शे," आबा म्हणाले. "पोर आम्हनी."

सुपारी फुटली, साखर वाटली गेली. शेवंताला रडू आवरेना. याने आपलं अधूपण ओळखलं आणि तरी सांभाळून घेतलं, या विचाराने तिचा जीव भरून आला.

परतीच्या वाटेवर गाव मागे पडल्यावर जीपमध्ये आबा मुलाच्या कानाशी लागले.

"भाईदास, खरंच चार व्हतात का रे? डोयामा मोतीबिंदू शे, माले तं झाडबी धड दिसस नही."

भाईदासने आबांपासून लपवलेला स्वतःचा चष्मा खिशात आणखी खाली सारला.

"चारच व्हतात, आबा. मी सोता मोज्यात."