आंब्याखालची जागा

"बाबांनो, जागे व्हा!" अशी हाक देत बुवांनी काल्याचं कीर्तन संपवलं आणि रीतीप्रमाणे जो तो शेजारच्याच्या पाया पडू लागला. माझ्या शेजारी नेमके दाबके! आमच्या सोसायटीतल्या आंब्याच्या सावलीत एकच गाडी मावते. त्या जागेवरून आमचा वर्षभर अबोला.

पण रीत ती रीत. मी वाकलो आणि त्याच क्षणी दाबकेही वाकले. डोक्यावर डोकं असं आदळलं, की पखवाजवाला दचकला.

"आई गं! लागलं का हो फार?" दाबके कळवळले.

मला भरूनच आलं. "दाबके, आजपासून ती जागा तुमची."

"छे छे! मीपणा सोडा म्हणाले ना बुवा? गाडी तुम्हीच लावायची."

"अहो, मीही तेच कीर्तन ऐकलंय!"

घरी परतल्यावर दोघांनीही हट्टाने आपापल्या गाड्या उन्हात लावल्या. दुपारी खाली येऊन पाहतो तर सावलीत शेजवळकाकांची गाडी ऐटीत उभी! कीर्तनभर खांबाला टेकून घोरत होते ते शेजवळकाका!

दाबके कपाळावरचं टेंगूळ चोळत हसले. "बघा, जागे झालो आपण आणि जागा मिळाली झोपलेल्याला!"