बिगरीची तयारी

डोक्यावरून उजवा हात डाव्या कानाला टेकला की पोर शाळेत बसायला लायक, अशी त्या काळी मास्तरांची परीक्षा. किहीमच्या धर्माजीला आपली राही याच वर्षी बिगरीत हवी होती. चुलतभावाची पोर बसली होती ना! दोन महिने त्याने तिच्या हाताला खोबरेल चोळलं, रोज आंब्याच्या फांदीला लोंबकळवलं. हात वीतभर लांबला, असं गावभर सांगूनही झालं.

परीक्षेत बोटं कानाच्या अलीकडेच थांबली.

"न्हाय पोचत," राही पुटपुटली, आणि कुणी काही बोलायच्या आत, घरच्या रोजच्या सवयीने, दोन्ही कान धरून उठाबशा काढू लागली. धर्माजी कौलांकडे बघत राहिला.

दहा झाल्यावर मास्तरांनी वही उघडली.

"धर्माजी, हात आखूडच आहे. पण आमचं निम्मं काम तू घरीच करून आणलंस. पूर्ण नाव सांग पोरीचं."